तीन हातांचा पायलट

भुसावळजवळच्या आमच्या दीपनगरच्या कॉलनीवरून विमान गेलं की वडील जेवता जेवता थांबायचे आणि आईला म्हणायचे, "अगं, बाहेर जा लवकर. तुझा पायलट चालला. हात कर त्याला."

महिन्याकाठी एखादं विमान जायचं, तेही इतक्या उंचावरून की आवाज ऐकून वर बघेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असायचं. पण वडिलांचा विनोद कधी चुकला नाही. मी लहान असताना आई त्याला हसायची. पुढे नुसतं हसल्यासारखं करायची. मी बारावीत गेले तोवर तिनं विमानाच्या आवाजाला मान वर करणंच सोडलं होतं. आवाज आला की ती हातातल्या पोळीकडे नाहीतर भाजीकडे जास्तच लक्ष द्यायची. घरात ते माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. राग मला तसा कशाचाही यायचा, घरातलं ते खातंच माझ्याकडे होतं, पण हा राग मनापासूनचा होता.

तर त्या पायलटची गोष्ट.

आईचं माहेर रावेरकडे, तापीच्या पट्ट्यात. केळी आणि कपाशी, तिसरं पीक विचारू नये. आई पंधरा-सोळा वर्षांची असताना कपाशीवर अळी पडली आणि गावानं विमानातून फवारणी करून घ्यायचं ठरवलं. त्या काळी विमानाला खालून रस्ता दाखवावा लागायचा. शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बांबूला पांढरं निशाण बांधून उभा राहायचा. त्या दोन निशाणांच्या रेघेत पायलट विमान खाली आणायचा, औषध सोडत जायचा, आणि ते वळून परत येईस्तोवर निशाणवाल्यांनी थोडं बाजूला सरकून पुढच्या पट्ट्यासाठी तयार राहायचं. आजोबांच्या शेतात एका टोकाला आजोबा स्वतः होते. दुसऱ्या टोकाला मामा असायला हवा होता, पण मामा आणि गावातली यच्चयावत पोरं विमान उतरतं कसं ते बघायला माळावरच्या धावपट्टीकडे पळाली होती. विमानाला रस्ता दाखवायला कोणी उरलंच नाही. शेवटी आजोबांनी बांबू आईच्या हातात दिला.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा वेगळाच झाला. नवरात्र तोंडावर आलं होतं, आणि घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवून निघाली पाहिजेत हा आमच्याकडचा शिरस्ता. त्या दिवशी ऊन चांगलं पडलं म्हणून गावातल्या सगळ्या बायकांनी एकदमच धुणं काढलं होतं. चादरी, धोतरं, गोधड्यांच्या खोळी, जे काही पांढरं म्हणून गावात होतं ते बांधांवर, कुंपणांवर, खळ्यात वाळत पडलं होतं. वरून पायलटला काय दिसलं असेल ते आता समजतं. जिकडे बघावं तिकडे निशाणंच निशाणं. विमान आलं, घिरटी घालून गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. औषधाचा थेंब पडेना. खालून माणसं हातवारे करून ओरडत होती, जसं काही त्याला ऐकूच जाणार होतं. आजोबांनी तर डोक्याचं पागोटं सोडून हलवायला घेतलं. म्हणजे पांढऱ्यात आणखी एकाची भर.

आईच्या लक्षात आलं. तिनं शेजारच्या बांधावर वाळत असलेलं आजीचं लाल लुगडं ओढलं, पांढरं फडकं सोडून ते बांबूला बांधलं आणि दोन्ही हातांनी बांबू उंच धरला. विमान वळलं आणि थेट तिच्या रोखानं आलं. मग शेत फवारून होईपर्यंत ती लाल लुगडं घेऊन पट्ट्यामागून पट्टा सरकत राहिली. अंगावर औषध उडालं, लुगड्याची वाट लागली, आजीनं नंतर तिला विहिरीवर नेऊन घासून घासून आंघोळ घातली ती वेगळीच. पण शेवटच्या पट्ट्याला औषधाची धार बंद करून विमान तिच्या डोक्यावरून वर चढलं, तेव्हा पायलटनं तिला हात केला.

"त्यानं मले हात केला," आई सांगायची. सांगताना तिचा डावा हात आपोआप खांद्याच्या वर जायचा.

हे दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. आजोबा पलीकडच्या टोकाला औषध उडू नये म्हणून डोक्यावर पोतं घेऊन बसले होते. मामा धावपट्टीवर. आजी तिच्या लुगड्याच्या मागावर.

लग्नानंतर आईनं हौसेनं ही गोष्ट सासरी सांगितली आणि तिथे ती फसली. वडील वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, त्यामुळे खटके, दांडे, घड्याळं या विषयावर घरात त्यांच्यापुढे कोणाचं चालायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक हात विमानाच्या दांड्यावर. दुसरा हात औषधाच्या खटक्यावर. मग तुला करायला त्यानं तिसरा हात कुठून आणला?"

त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची धुळ्याची फुई, तिथेच बसली होती. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ती हसता हसता भिंतीला टेकली. "मना भाऊ बरोबर बोलस," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या कुळात तीन हातांचा पायलट जन्माला आला. लग्नकार्यात, बारशात, जिथे चार नातेवाईक जमतील तिथे त्याला बोलावणं असायचं. वडील मनाचे वाईट नव्हते. त्यांना एक विनोद सापडला होता आणि चांगला चालणारा विनोद सोडवत नाही इतकंच. पण आईनं हळूहळू ती गोष्ट सांगणं बंद केलं. आम्हा दोघी बहिणींना तिनं ती शेवटची सांगितली तेव्हा तिचा हात वर गेला नाही, आणि ते मला गोष्टीपेक्षा जास्त आठवतं.

मी बारावीत होते त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही धुळ्याला गेलो. वडील फुईकडे ओवाळून घ्यायला दरवर्षी जायचे, आम्ही दिवाळीच्या सुटीमुळे बरोबर. एस.टी.तून उतरलो तर स्टँडच्या भिंतीवर हातानं रंगवलेला कागद चिकटवलेला. एका पिवळ्या विमानाचं चित्र आणि खाली, विमान संग्रहालय, फक्त रविवारी, विमान बघा, मुलांना विमानात बसवा. चित्रातलं विमान बदकासारखं दिसत होतं. धाकटी बहीण नऊ वर्षांची होती, ती त्या कागदापुढून हलेना.

"जाऊ या की," वडील म्हणाले. "तुमच्या आईची ओळख निघेल तिथे."

मी म्हटलं, "तुमचीच काढा ओळख," आणि त्यावर फुईच्या घरापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

रविवारी सकाळी फुईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या डब्यात भरल्या. थंडी होती म्हणून तिनं आपली लाल शाल घेतली. तिची शाल अशी लाल होती की धुळ्यात कुठेही उभी राहिली तरी फुई सापडायची. आम्ही पाच जण एका रिक्षात बसून गावाबाहेर धावपट्टीच्या कडेला गेलो. तिथे पत्र्याचं एक जुनं गोदाम होतं आणि त्याच्या दारात दोन म्हातारे एका मोठ्या कुलपाशी भांडत होते. किल्ली फिरत नव्हती. त्यातले एक खाकी स्वेटरवाले, त्यांना सगळे नाना म्हणायचे. तरुणपणी ते फवारणीच्या विमानांवर कामाला होते. दुसरे गळ्यात शिट्टी अडकवलेले निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली होती, शिट्टी सुटली नव्हती. एस.टी.च्या वर्कशॉपमधले दोघे-तिघे बाजूला उभे राहून कुलूप उघडायची वाट बघत होते. रविवारची सुट्टी घालवून, पदरचं खर्चून ही मंडळी ते संग्रहालय चालवत होती. का, असं वडिलांनी विचारलं तर नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं की वडिलांनी पुन्हा विचारलं नाही.

वडिलांनी तिकिटाचं विचारलं.

"आठे तिकीट नही," नाना म्हणाले. "आठे धक्का मारना पडस."

आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. पण खरंच तशीच पद्धत होती. गोदामात अंधार, त्यामुळे दर रविवारी विमान ढकलून बाहेर उन्हात आणायचं आणि संध्याकाळी ढकलून आत न्यायचं. हे काम त्या चार-पाच जणांच्या कंबरेला झेपत नव्हतं, म्हणून बघायला येणाऱ्यानं धक्का मारायचा. तेच तिकीट.

दार उघडलं. भिंतीवर टांगलेला विमानाचा पंखा, अर्धं कापून आतलं दाखवणारं इंजिन, एक फाटकं पॅराशूट, आणि मध्ये ते पिवळं विमान. दसऱ्याला पूजा केलेली, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ वाळून कडक झालेली. एक पंख कंपनीचा, दुसरा वर्कशॉपवाल्यांनी पत्रा ठोकून बनवलेला. हे विमान कुठल्याशा भंगारातून त्यांनी केळीच्या ट्रकवर घालून आणलं होतं. खाली पाचट, वर केळीची पानं, केळीचे घड नेतात तसंच. एकही ओरखडा आला नाही असं नानांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

आम्ही ओळीनं पंखाला हात लावले. मास्तरांनी शिट्टी वाजवली. फुईनं जोर लावला तेव्हा विमान जे हललं ते वर्कशॉपच्या पोरांना आवरेना. या सगळ्यात मी आईकडे बघत होते. ती ढकलत नव्हती. तिनं पंखावर तळहात ठेवला होता आणि विमानाबरोबर चालत होती. बाहेर उन्हात आल्यावर ती टाकीच्या झाकणापाशी वाकली आणि तिनं वास घेतला.

"तोच वास," ती हळूच म्हणाली. माझ्याशीही नाही, स्वतःशीच.

धाकटीला पहिल्यांदा बसवलं. ती विमानात बसली आणि उतरायचं नाव घेईना. मास्तरांनी शिट्टी वाजवली तरी नाही. शेवटी फुईनं डबा उघडून दाखवला तेव्हा उतरली. मग नानांनी आम्हाला माहिती द्यायला सुरुवात केली. "हाई इमान कपाशीवर औषध मारे," असं त्यांनी म्हटलं मात्र, वडिलांचा चेहरा उजळला. मला कळलं आता काय होणार, आणि मी त्यांचा सदरा मागून ओढला, पण विनोदवाल्या माणसाला सदऱ्यानं थांबवता येत नाही.

"नाना, एक सांगा. या विमानाच्या पायलटला हात किती असतात?"

आणि त्यांनी ती सगळी गोष्ट सांगितली. लाल लुगडं, पोतं घेतलेले सासरे, तिसरा हात, सगळं. रंगवून सांगितली. वर्कशॉपची पोरं हसली, मास्तरसुद्धा हसले, फुईला तर गोष्ट तोंडपाठ असूनही ठसका लागला. आई विमानाच्या शेपटीकडे जाऊन उभी राहिली. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि ती धावपट्टीकडे बघत होती. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मला रडू येण्याइतका संताप आला. परक्या माणसांसमोर त्यांनी हे करायला नको होतं.

नाना हसले नाहीत. आईची बाजू घ्यावी म्हणून नव्हे. ते खरोखर विचार करत होते. त्यांनी कॉकपिटकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं.

"माले नही माहीत," ते म्हणाले. "मी खाले टाकीमा औषध भरे. वर कधी गऊ नही." मग आईकडे वळून म्हणाले, "बसीसन देखी ल्या ना मंग."

इतक्या वर्षांत कोणालाही न सुचलेली गोष्ट त्यांनी किती सहज सांगितली. बसून बघा.

आईनं मान हलवली. "नको. राहू द्या."

"नियमात बसत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी विमानाला टेकवून ठेवलेली पाटी पुढे केली. फक्त मुलांनी बसावे. आसन जुनं झालं होतं, मोठं माणूस बसलं तर मोडेल अशी त्यांना धास्ती होती, आणि ती रास्तच होती. "ताईंना बसवलं तर उद्या सगळेच म्हणतील."

आता फुई. फुईनं माझ्या आईला आयुष्यभर चिडवलं होतं आणि अजून दोन मिनिटांपूर्वीपर्यंत ती ठसका आवरत होती. पण आमच्या घरच्या बाईला बाहेरच्या माणसानं नाही म्हणावं, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं. तिनं डबा खाली ठेवला.

"ती खरं बोलस का खोटं, ते आम्हीन देखसूत," ती मास्तरांना म्हणाली. "आमनी वहिनीले नही म्हननारा तुम्हीन कोन? आम्हीन धक्का मारा का नही?"

मास्तरांनी वादात पडायचा प्रयत्न केला. मी त्यांची कीव करते. फुईपुढे पोलीस पाटलाचं चाललं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, चपला काढून आणि अलगद, आणि शिट्टी वाजवून त्यांनीच परवानगी दिली.

"चढ वं, वहिनी," फुईनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "देखी ले एकदाव."

आईनं चपला काढल्या, निऱ्या कमरेला खोचल्या आणि स्टुलावरून पंखावर पाय ठेवला. ती अशी चढली की जणू रोज चढते. मी तिच्यामागे पंखावर जाऊन उभी राहिले, कारण कोणीतरी हवंच होतं आणि मला खाली राहणं शक्य नव्हतं. ती बसली. आसन कुरकुरलं पण मोडलं नाही. नानांनी खालून सांगितलं, समोरचा दांडा उजव्या हातात, डावीकडचा खटका औषधाचा, मागे ओढला की चालू, पुढे ढकलला की बंद.

आईनं हात जागच्या जागी ठेवले. मग तिनं वडिलांकडे पाहिलं.

"तुम्ही तिकडे जा," ती म्हणाली. "निशाण घेऊन."

तिनं वडिलांना असं काही सांगितलेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. वडिलांनाही ते नवं असावं, कारण ते निमूट निघाले. मास्तरांनी त्यांना गोदामातला जाळी काढायचा बांबू दिला. वडिलांनी त्याला आपला पांढरा रुमाल बांधला आणि धावपट्टीच्या पार त्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे त्यांनी बांबू खांद्यावर घेऊन लेझीम खेळल्यासारखा नाच केला. पोरं हसली.

आई विमानाच्या नाकाच्या बाजूनं मान काढून बघत होती. "दिसत नाहीत," ती म्हणाली.

खरंच दिसत नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत मंडळींनी विमानावर घालायचे कापडी पडदे धुतले होते आणि ते पांढरेशुभ्र पडदे त्या बाजूच्या गवतावर पसरले होते. शिवाय धावपट्टीच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवलेले. त्या सगळ्या पांढऱ्यात वडिलांचा रुमाल कुठल्या कुठे गेला होता. आईला हसू फुटलं. खूप वर्षांनी तिला विमानाच्या विषयावरून हसताना मी बघत होते.

"त्यायले सांग," ती मला म्हणाली. "लाल बांधा म्हणा."

मी ओरडून सांगितलं, पण वडिलांना ऐकू जाईना. ते कानाला हात लावून उभे. तेव्हा फुईनं अंगावरची शाल काढली आणि स्वतः ती घेऊन निघाली. तिला चार पावलं चालायची तर धाप लागायची. पण ती उन्हातून डुलत डुलत त्या टोकापर्यंत गेली. रुमाल सोडून शाल बांधली गेली आणि मग फुई परत न येता तिथेच वडिलांच्या शेजारी उभी राहिली. बांबू वर गेला. लाल रंग लगेच डोळ्यांत भरला.

"हां," आई म्हणाली.

तिनं उजव्या हातानं दांडा धरला. डाव्या हातानं खटका मागे ओढला. ती नुसती समोर बघत होती आणि तिची नजर हळूहळू अशी काही लांबून जवळ येत गेली, की विमान जागच्या जागी उभं आहे हे ठाऊक असूनही मी कडेला घट्ट धरलं. नाना खालून वर बघत होते. मास्तरांची शिट्टी तोंडात होती पण वाजत नव्हती.

मग आईनं खटका पुढे ढकलला. औषध बंद झालं. डावा हात खटक्यावरून सुटला आणि कुठे जावं ते न कळून हवेतच राहिला. आईनं त्या हाताकडे पाहिलं.

"हा हात रिकामा झाला, पाह्य," ती मला म्हणाली.

मी पाहिलं.

ती परत समोर बघायला लागली. "अन् इथून ते दोघं कसे दिसतात पाह्य. एवढ्या मोठ्या रानात दोन माणसं, आपल्यासाठी उन्हात उभी." मग ती म्हणाली, "हात केल्याबिगर राह्यवत नाही."

आणि तिनं हात केला. डावा, खांद्याच्या वर, आमच्या लहानपणी करून दाखवायची तसाच.

त्या टोकाला वडील अजून बांबू नाचवत होते. ते थांबले. मग त्यांनी बांबूवरचा एक हात सोडला आणि उंच करून हलवला, त्यामुळे बांबू कलला आणि शालीसकट फुईच्या डोक्यावर पडला. तिकडून फुईचा आरडाओरडा इथपर्यंत ऐकू आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

ते दोघं चालत परत येईपर्यंत आई विमानातच बसून राहिली. वडील पंखाशी येऊन उभे राहिले. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. आईनं वरून विचारलं, "दिसला?"

वडिलांना विनोद करायला इतकी चांगली जागा आयुष्यात मिळाली नसेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दिसला," ते म्हणाले.

त्यांच्यामागे फुई शालीला लागलेली कुसळं काढत होती. तिनं मान वर न करताच भर घातली, "डावा व्हता."

मग विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून आम्ही भरीत-पुरी खाल्ली. नाना आले, मास्तर आले, वर्कशॉपची पोरं आली. फुईच्या डब्यात कितीही माणसं मावायची. नानांनी आईला ते रान, ते लुगडं, घिरट्या, सगळं पुन्हा विचारलं, आणि आईनं सांगितलं. मध्ये मध्ये वडील आठवण करून देत होते, "ते आजीचं विहिरीवरचं सांग ना." संध्याकाळी विमान परत आत ढकलताना आईनं जोर लावला. मास्तरांनी तिच्यासाठी वेगळी शिट्टी वाजवली असं धाकटीचं म्हणणं होतं, मला तरी ती नेहमीसारखीच वाटली.

भुसावळकडे परतताना एस.टी.त वडील खिडकीशी बसले होते. पारोळा गेलं तरी ते बाहेरच बघत होते. आईनं त्यांना विचारलं, डोकं दुखतं का, तर म्हणाले, नाही, ऊन लागलं जरासं. एवढंच.

त्यानंतरचा उन्हाळा. संध्याकाळची वेळ होती, वीज केंद्राच्या धुराड्यांवर अजून उजेड होता. वडील अंगणात खाटेवर पडले होते. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मी परीक्षा संपल्याच्या आनंदात काहीच करत नव्हते. तेवढ्यात वरून आवाज आला. विमान होतं, फार उंच, मुंबईकडे चाललेलं. धुळ्यानंतर आम्ही सगळे घरी असताना आमच्यावरून गेलेलं ते पहिलंच असावं, निदान मला तरी आधीचं आठवत नाही. मी वडिलांकडे पाहिलं. आता ते तेच म्हणणार असतील तर काय बोलायचं हे मी मनात जुळवून ठेवलं होतं.

ते उठून बसले. विमान कुठे आहे ते शोधलं. मग डावा हात खांद्याच्या वर नेऊन त्यांनी विमानाला हात केला.

"एवढ्या उंचावरून नाही दिसत हो," आई म्हणाली. विमानात बसून आलेल्या माणसाचा आवाज होता तो. "त्यायले खालचं काही दिसत नाही."

"नसू दे," वडील म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला नाही.

मी आईकडे वळले. तांदळाचं सूप तिच्या मांडीवर तसंच होतं आणि ती वर बघत होती.